वऱ्हाडचे ताट

पौष महिन्यातील दुपार. अकोल्याच्या आसपास काळ्या जमिनीत कापसाची वेचणी चालू असते. सूर्य माथ्यावर आला की वेचणाऱ्या बाया व गडीमाणसे बांधावरच्या बाभळीच्या सावलीत येऊन बसतात आणि शिदोरीच्या गाठी सुटतात. कोणाच्या फडक्यात ज्वारीची भाकर व बेसन असते, कोणाच्या फडक्यात भाकर व वांग्याची भाजी, तर कोणाच्या फडक्यात नुसती भाकर, मिरचीचा ठेचा आणि कांदा. (इतरत्र ज्याला पिठले म्हणतात, त्यालाच वऱ्हाडात बेसन म्हणतात.) थोड्याच वेळात फडकी रिकामी होतात, तांब्याभर पाणी पोटात जाते आणि मंडळी तृप्त होऊन पुन्हा कामाला लागतात.

सर्वांची पोटे भरली, यात शंका नाही. परंतु सर्वांचे पोषण सारखेच झाले काय? या प्रश्नाचे उत्तर पोटाला विचारून मिळत नाही. भुकेला एवढेच कळते की जठर रिकामे आहे किंवा भरले आहे. आत लोह गेले की नाही, कॅल्शियम गेले की नाही, हे ओळखण्याची शक्ती तिला नाही. म्हणून दोन्ही वेळा पोटभर जेवणारे मूलही कधीकधी फिकट, ठेंगणे व अशक्त राहते आणि घरातील माणसांना त्याचे कारण उमगत नाही.

ही गोष्ट सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका प्रयोगाने स्पष्ट झाली. निलगिरी पर्वतातील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन नावाचे डॉक्टर आहारावर संशोधन करीत असत. भारतातील निरनिराळ्या प्रांतांतील लोक जे अन्न खात, तेच अन्न त्यांनी पांढऱ्या उंदरांच्या निरनिराळ्या गटांना देऊन पाहिले. उंदीर एकाच जातीचे, एकाच वयाचे. पिंजरेही सारखेच स्वच्छ. एका गटाला शिखांचे जेवण मिळे. त्यात कोंड्यासह दळलेल्या गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ व ताजी भाजी असे. एका गटाला मराठ्यांचे, तर आणखी एका गटाला त्या काळच्या मद्रासकडील गरीब लोकांचे जेवण मिळे. त्यात सडून व धुऊन पांढरा केलेला तांदूळ हाच मुख्य पदार्थ होता. काही काळानंतर उंदरांची वजने केली, तेव्हा पहिल्या गटातील उंदीर सरासरी सुमारे २३५ ग्रॅम, मराठी जेवणावरचे सुमारे २२५ ग्रॅम आणि पांढऱ्या तांदळावरचे सुमारे १५५ ग्रॅम भरले. उपाशी कोणताच गट नव्हता. या आकड्यांवरून माणसांचा दर्जा ठरत नाही, हे निराळे सांगावयास नको. शिवाय त्या त्या प्रांतांतील जेवणही आता पूर्वीचे राहिलेले नाही. आकडे सांगतात ते एवढेच की, भरल्या पोटाचे उंदीरही सारखे वाढत नाहीत.

शरीराला अन्नापासून काय काय हवे असते? काम करण्यासाठी उष्णता हवी. ती धान्यातील पिष्टमय पदार्थ आणि तेल-तुपातील स्निग्ध पदार्थ पुरवितात. मांस, रक्त व स्नायू घडविण्यासाठी प्रथिने हवीत. हाडांना कॅल्शियम व रक्ताला लोह हवे. यांखेरीज जीवनसत्त्वे हवीत. ती लागतात अगदी थोडी, पण ती नसली तर बाकीचे सारे असूनही शरीराचा कारभार अडतो. ज्या आहारात हे सर्व योग्य प्रमाणात असते, त्याला समतोल आहार म्हणतात. ही व्याख्या पाठ करणे सोपे आहे. समोरचे ताट तसे आहे की नाही हे ठरविणे मात्र थोडे कष्टाचे काम आहे, कारण त्यासाठी तराजू व वही घेऊन बसावे लागते.

तर मग वऱ्हाडातील भाकरीच तराजूत घालून पाहू. समजा, बारा वर्षांचे एक मूल दिवसभरात ३०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी खाते. १०० ग्रॅम ज्वारीतून सुमारे ३५० उष्मांक मिळतात. तेव्हा ३०० ग्रॅममधून सुमारे १०५० मिळाले. या वयाच्या मुलामुलींना दिवसाला दोन हजारांहून काहीसे अधिक उष्मांक लागतात. म्हणजे निम्मे काम भाकरीने केले. प्रथिने पाहावीत तर १०० ग्रॅम ज्वारीत ती सुमारे १० ग्रॅम असतात. ३० ग्रॅम झाली. गरज असते ३२–३३ ग्रॅमची. येथवर भाकरीचे कौतुकच करावे लागेल. पण कॅल्शियमकडे वळले की चित्र पालटते. १०० ग्रॅम ज्वारीत ते अवघे २५ मिलिग्रॅम; म्हणजे दिवसभरात ७५. वाढत्या हाडांना हवे असते ८५० मिलिग्रॅम. गरजेचा दहावा हिस्सादेखील भाकरीतून मिळत नाही. आणि ‘क’ जीवनसत्त्व? ते कोरड्या धान्यात जवळजवळ नसतेच.

प्रथिनांचा हिशेबही वाटला तितका सरळ नाही. प्रथिने ही अमिनो आम्ले नावाच्या लहान घटकांची बनलेली असतात आणि हे घटक ठरावीक प्रमाणात जुळले तरच शरीर त्यांचा उपयोग करते. सुताराजवळ वीस चाके असली आणि जोखडे तीनच असली, तर बैलगाड्या तीनच जोडून होतील. उरलेली चाके पडून राहतील. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल असेच कमी पडते. तुरीच्या डाळीत लायसिन भरपूर असते. उलट डाळीत मेथिओनिन हे दुसरे अमिनो आम्ल उणे असते, त्याची भर धान्य घालते. म्हणून भाकर व तुरीचे वरण एकाच जेवणात आले म्हणजे दोघांची किंमत वाढते. तीन भाग धान्याला एक भाग डाळ हे प्रमाण चांगले मानतात. वऱ्हाडातील शेतकरी कापसाच्या किंवा ज्वारीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ पेरतो. अमिनो आम्लांचे नावही ज्यांनी ऐकले नव्हते, अशा पिढ्यांनी शेतात घातलेली ही जोडी ताटातही कायम ठेवली. भाकरीबरोबर जवसाची किंवा तिळाची चटणी, आंबाडीची भाजी, हिवाळ्यात ओल्या तुरीच्या दाण्यांची सोलेभाजी आणि वर ताकाचा पेला असे जुन्या वऱ्हाडी घरातील बेताचे ताट तराजूला चांगलेच उतरते. एक पेला दुधात सुमारे अडीचशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. शेवग्याच्या १०० ग्रॅम पाल्यात तर ते तीनशेहूनही अधिक असते. अंगणातील शेवग्याच्या शेंगा बाजारात जातात व पाला शेळ्या खातात, हा व्यवहार शेळ्यांच्या फायद्याचा खरा.

हे साथीदार ताटातून नाहीसे होऊन केवळ भाकर उरली, तर काय घडते? याचे उत्तर हैदराबादच्या संशोधकांनी शोधले. कुन्नूरची संशोधन संस्था १९५८ साली हैदराबादला हलविण्यात आली. तीच पुढे राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने प्रसिद्ध झाली. त्या भागातील गरीब मजुरांमध्ये डॉक्टरांना एक विचित्र रोग आढळे. मान, हातांचे पंजे, पायांचे घोटे असे जे भाग उन्हात उघडे राहतात, तेथील कातडी काळी व खरखरीत होई. गळ्याभोवती तर जणू काळी साखळी घातल्यासारखा पट्टा उमटे. पुढे अतिसार होई, आणि दुर्लक्ष झाल्यास बुद्धीवरही परिणाम होई. हा पेलाग्रा. अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्यावर जगणाऱ्या गरिबांमध्ये तो पूर्वी फार होता, आणि तो संसर्गाने होत नसून अपुऱ्या आहाराने होतो, हे जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ नंतर केलेल्या संशोधनाने दाखविले होते. पुढे नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने तो होतो, हे कळून आले. दक्षिणेतील हे मजूर मात्र मका खात नसून ज्वारी खात होते, आणि ज्वारीत नायसिन फार कमी असते असेही नाही. मग रोग का व्हावा? डॉ. सी. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली असे मत मांडले की, ज्वारीत ल्यूसिन हे अमिनो आम्ल प्रमाणाबाहेर असल्यामुळे नायसिनच्या कार्यात व्यत्यय येतो. या उपपत्तीवर पुढे बरीच चर्चा झाली व मतभेदही झाले. मुख्य गोष्टीबद्दल मात्र दुमत नाही. ज्यांच्या ताटात ज्वारीबरोबर डाळ, दूध, मांस किंवा शेंगदाणे होते, त्यांना पेलाग्रा होत नसे. रोग होई तो भाकर वाईट असल्यामुळे नव्हे, ती एकटी पडल्यामुळे.

आता लोहाचा विचार करू. येथे हिशेब एका घरात दोन प्रकारचा होतो. बारा वर्षांचा भाऊ आणि बारा वर्षांची चुलतबहीण एकाच ताटात जेवतात असे समजू. ३०० ग्रॅम ज्वारीतून दोघांनाही सुमारे १२ मिलिग्रॅम लोह मिळते. भावाची गरज दिवसाला १६ मिलिग्रॅमची आहे, बहिणीची २८ मिलिग्रॅमची. मुलगी वयात येऊ लागली की दर महिन्याला तिच्या शरीरातून काही रक्त जाते. ते भरून काढण्यासाठी तिला अधिक लोह लागते. म्हणजे जे ताट भावाला थोडे उणे, तेच बहिणीला निम्म्याहून अधिक उणे. आणि पुष्कळ घरांत प्रत्यक्षात काय होते? पुरुष व मुलगे आधी जेवतात, डाळीचा घट्ट भाग त्यांच्या वाट्याला जातो. बाया व मुली मागून बसतात आणि तळाचे पातळ वरण भाकरीशी खातात. ज्यांची गरज मोठी त्यांचा वाटा लहान, असा हा उलटा हिशेब आहे. शाळेतून आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी ही तूट काही अंशी भरून काढते. ती दप्तराच्या तळाशी पडून राहिली तर अर्थात काही भरून काढीत नाही.

पोटात गेलेले सगळे लोह रक्तात उतरते असेही नाही. धान्यातील व पालेभाजीतील लोह शरीर फार थोडे शोषून घेते. मांसातील लोह अधिक सुलभतेने शोषले जाते. परंतु वरणावर लिंबू पिळले किंवा जेवणाबरोबर संत्रे, पेरू, आवळा खाल्ला, तर ‘क’ जीवनसत्त्वामुळे धान्यातील लोहही अधिक शोषले जाते. जेवताच चहा घेतला तर नेमके याच्या उलट घडते. आतड्यात जंत झाले असतील तर काही पोषण ते पळवितात. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) हाती खराटा घेऊन गावोगाव घाण काढीत फिरले. अन्नाच्या प्रश्नाशीही त्या खराट्याचा असा जवळचा संबंध आहे.

अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांत ताटाची अवस्था सर्वत्र सारखी नाही. वरूड व मोर्शी या तालुक्यांत संत्र्यांच्या बागा पसरल्या आहेत. तेथे वर्षातून दोन बहर येतात. आंबिया बहराची फळे दिवाळीनंतर आणि मृग बहराची फळे उन्हाळ्याच्या तोंडाशी तयार होतात. दोन मध्यम संत्र्यांत ‘क’ जीवनसत्त्वाची दिवसाची गरज सहज भागते. तेथून काही कोसांवर पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना खारपाणपट्टा लागतो. तेथील विहिरींचे पाणी खारट. ते धड पिता येत नाही, आणि भाजीपाल्याला द्यावे तर जमीनच बिघडते. म्हणून पावसावर येणारा कापूस, तूर, मूग, हरभरा ही तेथील पिके. डाळीला तोटा नाही. ताजी भाजी मात्र आठवड्याच्या बाजारातून विकत आणावी लागते आणि दोन दिवसांत संपते. जमिनीखालच्या पाण्याचा गुण असा थेट ताटात उतरतो.

आणखी एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. गेल्या काही दशकांत वऱ्हाडात ज्वारीचे क्षेत्र फार घटले आणि सोयाबीनचे वाढले. सोयाबीनमध्ये शंभरात चाळीस भाग प्रथिने असतात. एवढी प्रथिने कोणत्याही डाळीत नाहीत. पण हे धान्य शेतातून थेट बाजारात व तेथून तेलाच्या कारखान्यात जाते. प्रथिनांनी भरलेल्या शेताच्या बांधावर प्रथिनांनी उणी शिदोरी सुटावी, हा विचार करण्याजोगा प्रकार आहे. ज्वारीची जागा घरात आता बहुधा गहू व तांदूळ यांनी घेतली आहे. धान्य बदलले तरी साथीदारांची गरज बदलत नाही.

सर्वांत कठीण स्थिती सातपुड्यातील मेळघाटाची. अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे ते तालुके. येथील कोरकू लोक पूर्वीपासून ज्वारी, कोदो, कुटकी पिकवीत आले; जंगलातील मोहफुले, कंद व रानभाज्या यांनी त्यांच्या आहाराची उणीव भरून निघे. पण जमीन हलकी, शेते लहान आणि शेतीचे काम संपले की मजुरीसाठी घर सोडून जाणे भाग. पावसाळ्यात कोठारातील धान्य तळाला लागते, हाताला काम नसते, आणि नेमक्या त्याच दिवसांत हगवण व न्यूमोनिया ही दुखणी वाढतात. आजारी मूल कमी खाते, कमी खाल्लेले मूल पुन्हा आजारी पडते. बालकांना पूरक आहार देण्याची एकात्मिक बालविकास योजना १९७५ साली देशात सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रातील तिच्या पहिल्या प्रकल्पांत धारणीचा समावेश होता. तरीही १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्यांनी सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर सरकारने, न्यायालयांनी व सेवाभावी डॉक्टरांनी तेथे लक्ष घातले. पुष्कळ मुले वाचली, पण प्रश्न अद्याप संपलेला नाही.

अशा ठिकाणी प्रत्येक ताट मोजणे शक्य नसते. मग शरीरच मोजतात. अंगणवाडीच्या ताई बालकाच्या दंडाच्या मध्यभागी एक रंगीत पट्टी गुंडाळतात. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील बालकाच्या दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटर किंवा अधिक भरला तर पट्टी हिरवा रंग दाखविते. ११.५ ते १२.५ असला तर पिवळा, आणि ११.५ हून कमी असला तर लाल. लाल रंग म्हणजे तीव्र कुपोषण. त्या बालकाला ताबडतोब उपचार हवेत. पट्टीला लिहिता-वाचता येणे लागत नाही, म्हणून आईसुद्धा घरी ती वापरू शकते. पण दंड बारीक होईपर्यंत पुष्कळ उशीर झालेला असतो. रक्तातील लोहाची उणीव तर पट्टीला दिसतही नाही. तिच्यासाठी रक्ताचा थेंब तपासावा लागतो.

उशीर होण्यापूर्वी ताटाची परीक्षा करण्यास राष्ट्रीय पोषण संस्थेने एक प्रमाण सांगितले आहे. २०२४ सालच्या तिच्या मार्गदर्शिकेनुसार, २००० उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारात धान्य सुमारे २५० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलिटर आणि थोडे तेल व तेलबिया असाव्यात. एकूण उष्मांकांपैकी ४५ टक्क्यांहून अधिक धान्यातून येऊ नयेत. मजुरी करणाऱ्या घराला एवढे दूध व एवढी भाजी रोज परवडत नाही, हे खरे आहे. तेव्हा हे कोष्टक कोणाला दोष देण्यासाठी वापरू नये. कोणती बाजू रिती आहे, एवढे त्याने कळते.

त्यासाठी ग्रॅमचीही गरज नाही. एक वही पुरते. आडव्या ओळीत आठवड्याचे सात वार लिहावेत. उभ्या रकान्यांत धान्य, डाळ, पालेभाजी, इतर भाजी, फळ, दूध-दही-ताक, अंडे-मांस-मासे, आणि तीळ-जवस-शेंगदाणे असे आठ वर्ग. रोज रात्री जे खाल्ले असेल त्याखाली खूण करावी. एकाच दिवसाची नोंद फसवी असते, कारण सणाच्या दिवशी सर्वच ताटे समतोल दिसतात. आठवडा संपला की वही आपोआप बोलू लागते. खारपाणपट्ट्यातील घरात बहुधा धान्याचा रकाना सातही दिवस भरलेला, डाळीचा पाच दिवस, पालेभाजीचा बाजारानंतरचे दोन दिवस आणि फळाचा कोरा असे दिसेल. पौषात बोरे व आवळे असतात, उन्हाळ्यात चिवळीची भाजी मिळते, पावसाळ्यात बांधावर तरोटा व घोळ उगवते. यांपैकी कशालाच फारसे मोल पडत नाही. तिळाची चटणी एकदा केली की चार दिवस टिकते. एक अंडे दोन रकाने बदलीत नाही, पण जो बदलते तो मोलाचा.

वहीत घरातील प्रत्येकाचे पान वेगळे असावे. आईचे पान भरणे सर्वांत अवघड जाते. कारण सर्वांची जेवणे आटोपून ती आपले ताट वाढून घेईपर्यंत जागे राहावे लागते.